भाकीत, अंदाज की प्रक्षेपण?

अर्धविराम
उदयोन्मुख तंत्रज्ञान आणि भविष्यकथन या विषयावर वर्गासाठी निबंध लिहितोय. वाचन इंग्रजीत, लेखन मराठीत. एका वाक्यावर गाडी अडली आहे: 'हे प्रेडिक्शन नाही, फोरकास्टही नाही, हे नुसतं प्रोजेक्शन आहे.' मी अनुक्रमे भाकीत, अंदाज, प्रक्षेपण असे शब्द योजले होते. तपासणाऱ्यांनी तिन्ही खोडून सरसकट 'पूर्वानुमान' केलंय. आता वाक्याला अर्थच उरला नाही. मराठीत या तिघांत फरक करता येतो की नाही?

पाटीपेन्सिल
करता येतो, करायलाच हवा. 'अमुक घडेल' हे भाकीत. 'घडण्याची शक्यता 70 टक्के' हा अंदाज. 'आजचा वेग टिकला, तर दहा वर्षांनी इतकं होईल' हे प्रोजेक्शन. तिसऱ्यात वेग टिकेलच असं कोणी म्हटलेलं नसतं. हवामान बदलावरचे आयपीसीसीचे (संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी समितीचे) अहवाल याच कारणासाठी प्रोजेक्शन हा शब्द काटेकोरपणे वापरतात: उत्सर्जन असं राहिलं तर तापमान इतकं, तसं राहिलं तर तितकं.

कोशकीटक
पण 'प्रक्षेपण' नको. मराठी वाचकाला त्यातून दोनच गोष्टी दिसतात, उपग्रहाचं आणि सामन्याचं. 'लोकसंख्येचं प्रक्षेपण' वाचून सगळी लोकसंख्या अवकाशात धाडल्यासारखी वाटते.

गंमत म्हणजे 'अंदाज'सुद्धा फेकण्यातूनच आलाय. फारसी 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे, टाकणे. तिरंदाज, गोलंदाज, बरकंदाज हे त्याच घरचे. इंग्रजी फोरकास्टमधला 'कास्ट' आणि प्रोजेक्शनमधला लॅटिन 'जेक्ट' हेही मुळात फेकणेच. तीन भाषांनी भविष्याकडे दगडच मारलेत.

सरळरेषा
व्युत्पत्ती झकास, पण तिच्यावरून आजचा अर्थ ठरत नाही. नाहीतर 'अंदाजपत्रक' हे तोफखान्याचं कागदपत्र ठरेल.

फोरकास्ट हा शब्द हवामानाला मुद्दाम लावला गेला, हे निबंधात यायला हवं. रॉबर्ट फिट्झरॉय, डार्विनला नेणाऱ्या बीगल जहाजाचे कप्तान, यांचे हवामान अंदाज 1861 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून येऊ लागले. आपण सांगतो ती भविष्यवाणी नव्हे, निरीक्षणं आणि आकडेमोड यांवर बेतलेलं मत आहे, हा भेद त्यांना दाखवायचा होता. हा भेद 'अंदाज' उत्तम पेलतो. 'पूर्वानुमान' हिंदीतून आलेला शब्द आहे, त्याची आपल्याला गरज नाही.

मीमांसक
हिंदीतून आला म्हणून बाद? मग फारसीतून आलेल्या अंदाजाचं काय करायचं? न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार आहेत. ढग पाहून पाऊस येणार म्हणणं ते पूर्ववत्, म्हणजे कारणावरून कार्य. नदीला पूर पाहून वर पाऊस झाला म्हणणं ते शेषवत्. तिसरं सामान्यतोदृष्ट. पूर्ववत् अनुमान हेच पूर्वानुमान, आणखी काय हवं?

सरळरेषा
'पूर्ववत्'मधला पूर्व म्हणजे कारण. 'पूर्वानुमान'मधला पूर्व म्हणजे आधी. अक्षरं जुळली म्हणून नातं लावू नये.

पाटीपेन्सिल
शब्दांचं राहू दे, निबंधात फरक दाखवायचा कसा ते सांगतो. मूरचा नियम घ्या. गॉर्डन मूर यांनी 1965 मध्ये मोजक्या बिंदूंवरून रेघ पुढे ओढली: चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट, म्हणजे साधारण 64 पासून 1975 पर्यंत 65,000. हे प्रोजेक्शन. 1975 मध्ये त्यांनी पुढच्या काळासाठी दुपटीचा अवधी दोन वर्षांवर नेला. एवढ्याशा बदलाने काय होतं बघा: दरवर्षी दुप्पट म्हणजे दहा वर्षांत 1,024 पट, दोन वर्षांनी दुप्पट म्हणजे 32 पट. गृहीतकातली चूक दुपटीची, उत्तरातली 32 पटींची. म्हणून प्रोजेक्शनसोबत 'जर' लिहिलंच पाहिजे. तो गळला की वाचक त्याला भाकीत समजतो.

दुसरा घोटाळा वक्राचा. नवं तंत्रज्ञान पसरतं ते बहुधा इंग्रजी एसच्या आकारात: आधी संथ, मग वेगात, मग पुन्हा संथ. तुम्ही मात्र सुरुवातीचे आकडे घेऊन घातांकी वक्र, म्हणजे ठरावीक काळाने दुप्पट होतच राहणारा, पुढे नेता. साध्या लॉजिस्टिक वक्रात, म्हणजे एस-आकाराच्या नेहमीच्या गणिती रूपात, प्रसार कमाल मर्यादेच्या 10 टक्क्यांवर असताना घातांकी वक्र खऱ्याच्या जेमतेम 11 टक्के वर असतो, मोजमापातल्या चुकांत ते लपून जातं. 50 टक्क्यांवर पोचेपर्यंत तो बरोबर दुप्पट झालेला असतो. फरक दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

कोशकीटक
या रेघ पुढे ओढण्याला परिभाषेत 'बहिर्वेशन' म्हणतात.

सरळरेषा
म्हणत असतील. 'कल पुढे नेणे' म्हटलं तर कोणाचं काय बिघडतं?

मीमांसक
'सामान्यतोदृष्ट' म्हणा की. एरवी जसं दिसतं त्यावरून न दिसलेलं ठरवणं.

सरळरेषा
तपासणारे तेही खोडतील, आणि या वेळी त्यांचं बरोबर असेल.

टक्काटोणपा
भाकीत म्हणजे अशास्त्रीय असा सूर लागतोय, तो पटत नाही. तारीख आणि निकष असलेलं भाकीत तपासता येतं. कृत्रिम बुद्धिमत्तेतले संशोधक जेफ्री हिंटन 2016 मध्ये म्हणाले की पाच वर्षांत क्ष-किरणचित्रं वाचण्यात यंत्रं रेडिओलॉजिस्टच्या पुढे जातील, नवे घडवणं थांबवा. मुदत दिलेली होती, म्हणूनच ते चुकलं असं म्हणता येतं. 'लवकरच', 'मोठ्या प्रमाणावर' असल्या विधानांना कधी चुकताच येत नाही.

टक्केवारीतले अंदाज तपासायला ब्रायर गुणांक वापरा (ग्लेन ब्रायर, 1950, तेही हवामानवालेच). शक्यता दशांशात लिहा, घटना घडली तर 1, नाही तर 0, वजाबाकी करून वर्ग. 0.7 म्हटलं आणि घडलं तर 0.09, नाही घडलं तर 0.49. जितका कमी तितका चांगला. कायम 0.5 म्हणत बसलात तर नेहमी 0.25. दहा वेळा 0.7 म्हणून सात वेळा घडलं तर सरासरी 0.21. थोडक्यात, प्रामाणिक 70 टक्केवालासुद्धा कुंपणावर बसणाऱ्याच्या जेमतेम पुढे असतो. एका घटनेवरून 'अंदाज चुकला' म्हणणारे इथेच घसरतात.

अर्धविराम
गुणांकाचा परिच्छेद घेतो. पण तिसरा शब्द अजून मिळाला नाही.

कोशकीटक
आडाखा, ठोकताळा, अटकळ, कयास, अदमास, होरा एवढे पडून आहेत. होरा तर थेट ग्रीकमधून संस्कृतमार्गे आलेला, इंग्रजी 'अवर'चा सख्खा भाऊ.

सरळरेषा
यातला एकही 'जर-तर'वाला नाही. आडाखा बांधणारा तो खरा ठरेल असंच धरून चालतो.

मीमांसक
ते असो. वर कोणीही शुद्धलेखनाचा मुद्दा काढला नाही म्हणून सांगतो, निबंधात 'भाकित' असं ऱ्हस्व लिहू नका. 'भाकणे' हे मराठी क्रियापद, करुणा भाकतो तेच. कथित, लिखित यांच्यासारखा तत्सम नाही, म्हणून उपान्त्य दीर्घ: भाकीत, पण भाकिताला.

टक्काटोणपा
भाकणे 'भाष्'वरूनच आलंय ना? मग दीर्घ कशाला?

मीमांसक
भाष्चं भाषित होतं, भाकीत नाही. मधला 'क' कुठून आला ते आधी सांगा.