खरेदीखताच्या टंकनासाठी लघुरूपे कशी लावावीत?

दस्तलेखनिक: मी वकिलांच्या कार्यालयात खरेदीखते टंकलिखित करतो. ‘सदर मिळकत लिहून देणार यांच्या मालकी हक्काची व प्रत्यक्ष कब्जेवहिवाटीची असून’ हे शब्द एकेका दस्तात तीन-चारदा येतात. लिब्रेऑफिस रायटरमध्ये दोन अक्षरे टंकताच ते पूर्ण उमटावेत, अशी सोय हवी आहे. खर्चाची तयारी शून्य रुपयांची आहे.

खटखट्या: आधी कळफलक बदला. मी ९,००० रुपयांचा मेकॅनिकल घेतल्यापासून लांब वाक्यांचा कंटाळाच येत नाही.

भाऊसाहेब७: टूल्समधील ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये ‘रिप्लेस’चा तक्ता आहे, त्यात नोंदी करा. मात्र वर निवडलेली भाषा पाहून घ्या; नोंद इंग्रजीच्या यादीत गेली, तर मराठी मजकुरात ती लागत नाही आणि आपण तासभर स्वतःलाच दोष देत बसतो. शिवाय एरवी लागणारे अक्षर लघुरूप म्हणून घेऊ नका. मी ‘क’ म्हणजे ‘कलम’ अशी नोंद केली होती. ‘परिशिष्ट क’चे ‘परिशिष्ट कलम’ झाले आणि सह्या होईपर्यंत ते कोणाच्याही लक्षात आले नाही.

इन्स्क्रिप्टवाला: खरा वेळ फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे केलेल्या टंकनात जातो. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कळरचना १९९१ पासून भारतीय मानकात आहे, तरी लोक शिकत नाहीत.

खटखट्या: इन्स्क्रिप्टसुद्धा चांगल्या कळफलकावरच शोभते.

मुक्तस्रोत: एस्पान्सो हे लघुरूपांचा पूर्ण मजकूर करणारे सॉफ्टवेअर घ्या. ते फुकट आहे आणि केवळ रायटरमध्येच नव्हे, तर ईमेलमध्येही चालते. नोंदी यॅमल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहाव्या लागतात. तिथे ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच द्यावी लागते. एका टॅबपायी माझा रविवार गेला.

माईंचा_मुलगा: ऑटोकरेक्ट करा, असे वर म्हटलेच आहे, तेच मीही म्हणतो. परंतु पूर्ण परिच्छेदासाठी ऑटोटेक्स्ट बरे. मजकूर निवडून कंट्रोल-एफ३ दाबा, लघुरूप द्या. पुढे ते लघुरूप टंकून एफ३ दाबले की मजकूर मांडणीसकट येतो आणि कळ दाबल्याशिवाय काहीही बदलत नाही.

दस्तलेखनिक: सर्वांचे आभार. ‘परिशिष्ट कलम’ वाचून मात्र धीर खचला. त्यामुळे मी आता त्या वाक्याच्या जागी ‘खखख’ टंकतो आणि दस्त पूर्ण झाल्यावर कंट्रोल-एचने (‘शोधा आणि बदला’) एकेक ठिकाण पाहून बदलतो. आज तीन दस्त झाले.

भाऊसाहेब७: एखादा ‘खखख’ राहून निबंधकांपुढे गेला, तर इथे अवश्य कळवा.