पिक्चर 'बरा हाय' म्हणजे नक्की किती बरा?

वडगावकर
बरेच दिवस विचारायचं होतं. आमच्या घरच्या ग्रूपवर पिक्चर बघून आलं की प्रत्येकजण एकेक ओळ टाकतो, कोण स्टार देतंय, कोण नुसता अंगठा, आणि मामा कायम एकच लिहितात, बरा हाय की. 'दशावतार' बघून आले तेव्हाही तेच, "बरा हाय की, प्रभावळकर लई बरं काम केल्यात." आता आम्हाला हे वाचून लगेच तिकीट काढावं वाटतं, पण पुण्यातल्या मावसभावानं वाचलं आणि म्हणाला एवढा काही खास नाही वाटतं, ओटीटीवर आला की बघू. ऐंशी पार केलेला माणूस पडद्यावर जीव तोडून नाचतोय आणि ह्याचं आपलं ओटीटी! तर प्रश्न असा की 'बरा' हे कौतुक आहे का कामचलाऊ? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या बाजूला कोण कसं वापरतंय ते सांगा. पिक्चरसाठी आपल्याकडचे अजून शब्द असतील तर ते पण टाका.

निपाणीकर
आमच्यात बरा म्हणजे बरा, भारी न्हवं. निपाणी बोलायला अर्धी कोल्हापूरच आहे त्यामुळं शिडी सरळ हाय, बरा, मग भारी, मग एक नंबर, आणि सगळ्यात वर नाद खुळा. 'सैराट' 2016 ला आला तो नाद खुळा, त्यात वादच नाही. त्याचाच कन्नडमधला 'मनसु मल्लिगे' पुढच्या वर्षी आला, हिरॉईन रिंकूच, म्हणून मुद्दाम जाऊन बघितला, तो बरा. म्हणजे पैसे बुडाले नाहीत पण शिट्टी मारावी असंही काय झालं नाही. तुमच्या मामांना पिक्चर खरंच आवडला असता तर भारी म्हणाले असते असं माझं मत.

खानापूरवाली
निपाणीकर दादा, तुमच्याकडं असेल तसं, आमच्याकडं नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांत बरा म्हणजे चांगलाच, त्याच्यात कमीपणा नाही. कारण पण साधं आहे, घाट उतरला की गोवा, निम्म्या घरात एक तरी सून नाहीतर आत्या तिकडची, आणि कोंकणीत बरो म्हणजे चांगला. आभार मानायचे तर "देव बरें करूं" म्हणतात ते लोक, त्याचा अर्थ देव ठीकठाक करू दे असा कोण घेईल काय? आमच्या आईला 'श्वास' कसा वाटला विचारलं तर म्हणायची "बरो आसा गे, पण परत बघवणार नाही." त्या बरोच्या वर तिच्याकडं दुसरा शब्दच नव्हता. लई, भारी, जबरदस्त हे सगळं तिला टीव्हीवरच्या जाहिरातीसारखं वाटायचं.

पुणेरी_पाहुणा
मावसभावाच्या बाजूनं एक मत. आमच्याकडे बरा म्हणजे दहापैकी पाच, फार तर साडेपाच. "कसा होता?" "बरा होता." की विषय संपला, पुढे कोणी विचारत नाही. त्यामुळे त्याची काही चूक नाही. पण मग एक शंका, तुम्ही लोक 'चांगला' कधी म्हणता?

खानापूरवाली
चांगला पिक्चर म्हणजे घरात सगळ्यांबरोबर बसून बघता येतो तो, शिव्या नाहीत, तसले सीन नाहीत. 'चांगला होता पण बेजार आलं' असं खुशाल म्हणतात आमच्यात.

चिकोडी_एक्स्प्रेस
बेजार! ह्याच्यावर मी कधीची लिहिणार होते. पुण्याकडं बेजार म्हणजे उकाड्यानं बेजार, पोरांनी बेजार केलं, म्हणजे त्रास. मूळ शब्द फारसीतला आणि तिथं पण वैतागलेला, विटलेला असाच अर्थ. पण कन्नडमध्ये बेजार म्हणजे एक तर कंटाळा, नाहीतर वाईट वाटणं. कोण रुसलं तर "बेजार माडकोबेडा" म्हणतात, मनाला लावून घेऊ नको. आम्ही मराठीत बोलताना हे दोन्ही अर्थ उचललेत आणि तिसरा आपला मराठीतला आहेच. त्यामुळं पिक्चरबद्दल बेजार ऐकलं की थांबून बघायला लागतं. "सेकंड हाफला बेजार आलं" म्हणजे कंटाळा आला, मोबाईल काढला. पण 'श्वास' बघून "लई बेजार झालं बघ" म्हणजे जीव गलबलला, आजोबा ऑपरेशनच्या आधी नातवाला जग दाखवायला घेऊन फिरतो तिथं कंटाळा कुणाला येणार. आलं आणि झालं, एवढ्यावर सगळा फरक. मी तरी असंच ऐकलंय, आलं असेल तर कंटाळा आणि झालं असेल तर वाईट वाटलं, कोणाचा अनुभव उलटा असेल तर सांगा.

आणि 'चलो'. आमच्या भागातलं कन्नड बोलणारं माणूस "पिक्चर चलो ऐति" म्हणालं की बाहेरून आलेले उठून उभे राहतात, त्यांना वाटतं निघायचंय. चलो म्हणजे चांगला, ऐति म्हणजे आहे. घरात मराठी बोलणारे पण मित्रात बसले की चलो हाय म्हणतात, अर्धं हिकडचं अर्धं तिकडचं.

वडगावकर
झालं-आलंचं बरोबर वाटतंय, आमच्या गल्लीत पण तसंच बोलतात. आणि उलट्या बाजूनं पण गेलंय की, मस्त ऐति, भारी ऐति, हे धारवाडपर्यंत ऐकू येतं. 'कांतारा' आला तेव्हा 2022 ला आमच्या कट्ट्यावर मराठी कन्नड सगळ्यांचं एकच मत, भारी. किनाऱ्याकडचं कन्नड हिकडच्या कन्नडवाल्यांनाही सगळं कळत नव्हतं, शेवटची वीस मिनिटं भाषा कळायची गरजही नव्हती म्हणा.

निपाणीकर
'कांतारा'ला बरा म्हणाला काय कोण? नाही ना? मग माझं तेच म्हणणं हाय.

शहापूरचा_म्हातारा
पोरांनो तुम्ही 'बरा'वर भांडताय आणि सगळा अर्थ 'की'मध्ये बसलाय. मामांनी काय लिहिलं, बरा हाय नव्हे, बरा हाय की. आपल्या बोलण्यात की लावला की माणूस शब्दामागं उभा राहतो. चल की, बस की, खा की, ह्यात जसा आग्रह असतो तसा. नुसतं "बरा हाय" म्हणून माणूस चहाकडं वळला तर समजायचं की पिक्चर साधारण, तुमचं मन मोडायचं नाही म्हणून बोलला. "बरा हाय की!" असं तोंड वर करून बोलला तर आवडलाय. आणि "बराच हाय" म्हटलं तर त्याला आधी कोणीतरी वाईट सांगितलेलं असतं आणि हा त्याला उत्तर देतोय. लिहिताना आवाज जातो, तुमच्या त्या ग्रूपवर तोंड कुठं दिसतंय, म्हणून हा घोळ. आम्ही तिकिटाच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहून आधीच्या शोमधून बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघून ठरवत होतो, विचारायची गरज पडायची नाही. 'पिंजरा' 1972 चा, त्यातनं बाहेर पडणारी माणसं बोलतच नव्हती, लागूंच्या मास्तरचं जे काय होतं ते बघून काय बोलणार.

दुसरं, 'बरा' हा शब्द आधीपासून हलका होता असं कोण समजू नका. "तो हा विठ्ठल बरवा, तो हा माधव बरवा" हा ज्ञानोबांचा अभंग सगळ्यांना पाठ आहे. तिथं विठोबाला दहापैकी साडेपाच दिलेत काय? बरवा म्हणजे सुंदर, उत्तम. तुकोबाही "बरें झालें देवा निघालें दिवाळें" म्हणतात ते चांगलं झालं ह्याच अर्थानं. शहराकडं शब्द झिजला, कोकणीत आणि आपल्या खानापूरकडं तसाच राहिला, एवढंच. निपाणीला झिजलाय, ते पुणे-कोल्हापूरकडं जाणाऱ्या हायवेवर पडतात.

निपाणीकर
काका हायवेवर घर आहे म्हणून शब्द झिजतो हे पहिल्यांदाच ऐकतोय 😄 पण कीचं पटलं. आमच्यात पण "बरा हाय की" म्हणजे थोडा वर जातो, भारीच्या खाली तरी पण बराच्या वर.

पुणेरी_पाहुणा
म्हणजे साडेसहा?

चिकोडी_एक्स्प्रेस
आकड्यात घालू नका हो. 'बनवाबनवी'ला किती देणार? 1988 चा पिक्चर, अजून टीव्हीवर लागला की घरातलं काम थांबतंय, त्याला कोणी बरा पण म्हणत नाही आणि भारी पण म्हणत नाही, नुसतं "लागलाय बघ" म्हणतात आणि सगळे येऊन बसतात.

पुणेरी_पाहुणा
हे मात्र आमच्याकडेही तसंच. बरं आणखी एक, माझा इथला रूममेट बेळगावचा आहे, तो "मी पिक्चर बघितलो" म्हणतो, मी दरवेळी "बघितला" असं सांगतो आणि तो दरवेळी विसरतो.

खानापूरवाली
विसरत नाही तो, त्याचं बोलणंच तसं आहे. मी जेवलो, मी आलो, तसं मी बघितलो. कन्नडमध्ये क्रियापद करणाऱ्याच्याच मागं जातं, पिक्चरच्या नाही, तीच सवय हिकडच्या मराठीत आलीय, सोलापूरकडं पण ऐकायला मिळते. शाळेत मार्क कापतात, घरी कोण कापणार? त्याला सांगत बसू नका, फार तर पिक्चर कसा होता ते विचारा.

पुणेरी_पाहुणा
विचारलं की, आत्ताच. उत्तर आलंय, जसंच्या तसं टाकतो: "मधे जरा बेजार आलं, पण बरा हाय की, बघ पाहिजे तर." आता ह्याचं काय करू?

शहापूरचा_म्हातारा
'की' आहे पण मागोमाग 'पाहिजे तर' पण आहे. "बरा हाय की, बघ" एवढंच असतं तर आजच जा म्हणालो असतो. पाहिजे तर म्हणजे तुझं तिकीट वाया गेलं तर मला बोलू नको.

चिकोडी_एक्स्प्रेस
आणि बेजार आलं आहे, झालं नाही. इंटरव्हलच्या आसपास झोप येणार.

निपाणीकर
साडेपाच. ओटीटीवर बघा.