मदत हवी आहे: मुलीकडे जायचंय, व्हिसाचं घोडं अडलंय, आजच सांगा

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. मे महिन्यात मुलीकडे जायचं आहे, तिकिटं काढून झाली. एजंट म्हणतो अपॉइंटमेंट मिळत नाहीये, दुसरीकडून करून देतो, पण आजच हो म्हणा, उद्या स्लॉट जाईल. मुलगी म्हणते बाबा अजिबात करू नका. सौ. म्हणते मुलीचं ऐका. एजंट ओळखीतला आहे, मेव्हण्याचं दुबईचं काम त्यानेच केलं होतं. हो म्हणू की नको? ज्यांना अनुभव आहे त्यांनीच लिहावं. संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं आहे.

कावेरी_ठाणे
कुठला देश?

खवय्या
आणि 'दुसरीकडून' म्हणजे कुठून? दुसरा एजंट की दुसरं शहर?

अटलांटावाली
अपॉइंटमेंटचं रडगाणं आमच्याकडेही झालं. सासूबाई ८२ वर्षांच्या, पूर्वी म्हाताऱ्या माणसांना मुलाखत माफ असे. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत काढली. आता बहुतेक सगळ्यांना प्रत्यक्ष जावं लागतं. फॉर्ममध्ये 'अमेरिकेत कोण नातेवाईक आहे' याचं उत्तर खरं लिहा, लपवू नका. मुलीच्या कॉलेजचं पत्र, तिचा स्टेटस, सगळं जवळ ठेवा. पण अधिकारी कागद बघतीलच असं नाही. आमच्या वेळी दोन प्रश्न विचारले आणि झालं.

सुदामानगरकर
अमेरिका कोणी म्हटलं? जर्मनी. आखेनला मास्टर्स करते ती. वर लिहिलं होतं की.

कावेरी_ठाणे
नाही लिहिलंत. वर जाऊन वाचा.

सुदामानगरकर
बरं, राहिलं असेल. घाईत लिहिलं. एजंट फ्रान्सकडून करणार आहे. फ्रान्सचा स्लॉट त्याच्या हातात आहे म्हणतो.

जगभ्रमंती_६८
मग अडचण काय? विमान कुठे उतरतंय? पहिलं पाऊल ज्या देशात, तिथला व्हिसा, हा नियम आहे. आम्ही पती-पत्नी २०१७ साली युरोप केला, रोममध्ये उतरलो, इटलीचा व्हिसा घेतला. काही प्रश्न नाही.

सुदामानगरकर
विमान पॅरिसलाच उतरतंय! मुंबई-पॅरिस-मुंबई स्वस्त मिळालं. म्हणजे फ्रान्सचा चालेल ना? हो म्हणून टाकू?

राइनकाठ
थांबा, थांबा. मी कोलोनला राहतो, आखेन माझ्यापासून तासाभरावर. 'पहिलं पाऊल' हा नियम अर्धा सांगितला जातो. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा, नियम असा: ज्या देशात तुमचा मुख्य मुक्काम किंवा मुख्य हेतू, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखाच आणि मुख्य देश ठरत नसेल तरच पहिल्या प्रवेशाचा देश. तुमचा हेतू मुलीला भेटणं. ती जर्मनीत. एकूण किती रात्री, कुठे किती, ते लिहा.

जगभ्रमंती_६८
आम्हाला कोणी विचारलं नाही बुवा. उगाच घाबरवू नका माणसाला.

राइनकाठ
काका, तुम्ही इटलीत किती दिवस होतात?

जगभ्रमंती_६८
सतरापैकी आठ. बाकी तीन देशांत तीन-तीन.

राइनकाठ
मग तुमचा मुख्य मुक्काम इटलीच होता. तुम्ही नियमच पाळलात, नकळत.

जगभ्रमंती_६८
नकळत काय, सगळं आखून गेलो होतो. वही आहे माझ्याकडे अजून.

सुदामानगरकर
भांडू नका हो. ९ मे ते २८ मे. पॅरिस ३ रात्री, स्वित्झर्लंड ४, बाकी मुलीकडे. एजंट म्हणतो कागदावर पॅरिसच्या ११ रात्री दाखवू, हॉटेल बुक करू, व्हिसा आला की रद्द. सगळेच असं करतात म्हणे.

कावेरी_ठाणे
बाकी १२ रात्री जर्मनीत. यात विचारण्यासारखं काय उरलं? जर्मनीकडेच अर्ज. एजंटचं 'सगळेच करतात' ऐकून मी एकदा घर घेतलं होतं, तो किस्सा वेगळ्या धाग्यात.

राइनकाठ
सही तुमची असते, एजंटची नाही. पॅरिसला पासपोर्ट तपासताना 'कुठे राहणार' विचारलं आणि तुम्ही भोळेपणाने 'मुलीकडे, आखेनला' म्हणालात, की हातातला कागद खोटा पडतो. खोट्या माहितीवर मिळालेला व्हिसा रद्द करता येतो, आणि ती नोंद सगळ्या शेंगेन देशांना दिसते.

आता चांगली बातमी. तुमची तिकिटं वाया जात नाहीत. जर्मनीचा व्हिसा घेऊन पॅरिसला उतरता येतं. पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवरून ब्रसेल्समार्गे थेट गाडी आखेनला जाते, साधारण पावणेतीन तास. तिकीट आधी काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी महाग.

मालवा_एक्स्प्रेस
स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्याचा वेगळा व्हिसा लागेल. हे कोणी सांगितलंच नाही.

राइनकाठ
युनियनमध्ये नाही, पण २००८ पासून शेंगेनमध्ये आहे. एकाच व्हिसावर होतं.

मालवा_एक्स्प्रेस
अच्छा. मग माझ्या मित्राने काढला तो काय होता?

वहिनी_वडोदरा
सुदामानगरकर, जाणार किती जण? आणि पैसे कोण दाखवणार, तुम्ही की मुलगी? माझा भाचा तिथेच शिकतो. मुलीने हमीपत्र द्यायचं असेल तर ते तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात करावं लागतं, आणि त्याला उत्पन्न दाखवावं लागतं. विद्यार्थ्यांना ते सहसा जमत नाही. खर्चासाठी त्यांचे वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक खात्यात असतात, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. त्यात ती स्वतःचं बघेल की तुमचं? भाच्याने साधं निमंत्रणपत्र दिलं, सोबत त्याचा निवास परवाना आणि कॉलेजचा दाखला. पैसे आई-वडिलांनी स्वतःचे दाखवले.

सुदामानगरकर
तिघं. मी, सौ. आणि माझी आई, वय ८१. पैसे माझेच. खात्यात थोडे कमी होते म्हणून साडूंनी परवाच चार लाख टाकले आहेत.

वहिनी_वडोदरा
अरे देवा.

कावेरी_ठाणे
परवा टाकलेले चार लाख तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये डोळ्यांत भरतात हो. साडूंना परत करा. तुमचा पगार, विवरणपत्रं, मुदत ठेवी असतील तर त्यांच्या पावत्या, हे लावा. आईंची पेन्शन असेल तर तीही.

खवय्या
तिघांची फी प्रत्येकी ९० युरो, म्हणजे २७० युरो, वर व्हिसा केंद्राचा सेवाखर्च. तो चुकवता येत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा, तिघांचा. ८१ वयाला विमा महाग पडतो आणि आधीचे आजार कुठे धरले आहेत ते बारीक अक्षरात असतं. ते आधी वाचा.

अवांतर: नेणार काय खायला? इंदूरचा माणूस मुलीकडे जीरावन मसाला आणि सेव नेल्याशिवाय राहणार नाही.

सुदामानगरकर
तो प्रश्नच नाही, सगळं ठरलंय. दोन किलो सेव, जीरावन, मावा बाटी आणि आईच्या हातचं कढवलेलं तूप. मुलीला तिथलं लोणी आवडत नाही.

राइनकाठ
सेव, जीरावन न्या. तूप आणि मावा बाटी नाही. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे. अर्धा किलो असो की अर्धा चमचा.

खवय्या
तूप कढवलेलं असतं, त्यात दूध कुठे उरतं?

राइनकाठ
हे कस्टमच्या माणसाला समजावून बघा.

मालवा_एक्स्प्रेस
आणि आंबे? मे महिना आहे, हापूस न्यावा की.

कावेरी_ठाणे
ताज्या फळांना झाडपाल्याचा तपासणी दाखला लागतो. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं सुटतात. २०१४ साली मे महिन्यापासून आपल्या आंब्यांवर युरोपने बंदीच घातली होती, पुढच्या वर्षी उठवली. बंदी आली ती मे महिन्यातच, म्हणजे ऐन हंगामात. तेव्हा माझ्या भावाच्या पेट्या अडकल्या होत्या.

जगभ्रमंती_६८
आम्ही २०१७ ला पुरणपोळ्या नेल्या होत्या.

कावेरी_ठाणे
काका, तूप लावलेल्या?

जगभ्रमंती_६८
अर्थात.

वहिनी_वडोदरा
मूळ प्रश्नाकडे येऊ या. सुदामानगरकर, राहण्याचं काय? अर्जात प्रत्येक रात्रीचा पत्ता द्यावा लागतो.

सुदामानगरकर
मुलीकडेच राहणार. म्हटलं ना.

वहिनी_वडोदरा
मुलगी कुठे राहते?

सुदामानगरकर
विद्यार्थी वसतिगृहात. स्वतंत्र खोली आहे तिची, बाथरूम आत, किचन बाहेर पाच जणांत.

वहिनी_वडोदरा
म्हणजे तुम्ही तिघं आणि ती, चौघं, बारा रात्री, एका विद्यार्थी खोलीत. मुलीला विचारलंत?

सुदामानगरकर
ती म्हणाली बघू. आपल्याकडे लग्नात एका खोलीत वीस जण झोपतात.

राइनकाठ
मुलीचं 'बघू' म्हणजे 'नाही', फक्त वडिलांना सांगायचं कसं हे तिला कळत नसावं. पाहुण्यांचे नियम प्रत्येक वसतिगृहाचे वेगळे असतात. काही ठिकाणी पाहुण्यांची खोली वेगळी भाड्याने मिळते, तिला हाउसमाइस्टरला विचारायला सांगा, म्हणजे इमारतीचा देखभाल करणारा माणूस. नाही तर स्टेशनजवळ लहान फ्लॅट घ्या, किचनवाला. आईंना जिने नकोत, लिफ्ट आहे का ते बघून घ्या.

जगभ्रमंती_६८
व्हिसा नाकारला तर घाबरू नका, जर्मनीत रेमॉन्स्ट्रेशन म्हणून सोय आहे. पत्र लिहिलं की परत विचार करतात. माझ्या पुतण्याचं झालं.

राइनकाठ
ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली, काका. आता नवा अर्ज किंवा बर्लिनच्या कोर्टात दावा. म्हणूनच पहिलाच अर्ज नीट हवा.

जगभ्रमंती_६८
सगळ्या चांगल्या सोयी बंद करतात.

सुदामानगरकर
सहा वाजले. एजंटचे तीन मिस्ड कॉल. अजून एक: आईला मुंबईला न्यायची गरज नाही ना? एजंट म्हणाला तिचं वय बघून तिच्या बोटांचे ठसे माफ होतात, कागद पाठवले की पुरे.

कावेरी_ठाणे
हे कुठून काढलं त्याने? वयाची सूट १२ वर्षांखालच्या मुलांना. म्हाताऱ्यांना नाही. पाच वर्षांत पूर्वी ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात, पण आईंचा हा पहिलाच प्रवास असणार.

सुदामानगरकर
पहिलाच. पण तिच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. आधारच्या वेळी तीनदा परत पाठवलं होतं. तिची पाटा-वरवंट्याची बोटं आहेत हो.

वहिनी_वडोदरा
आठवडाभर आधीपासून रात्री हातांना काहीतरी स्निग्ध चोळा, ठसे बरे उमटतात. आमच्या सासूबाईंना आधारच्या वेळी ऑपरेटरनेच सांगितलं होतं. आणि खरोखर उमटलेच नाहीत तर नियमात त्याचीही तरतूद आहे, म्हणून अर्ज फेटाळत नाहीत. मात्र तिथे जावंच लागतं.

सुदामानगरकर
नाही म्हणून सांगितलं एजंटला. त्याने फोन आपटला. आगाऊ दिलेले पाच हजार गेले समजा. आता जर्मनीचा स्लॉट कसा मिळवायचा ते सांगा. आज मार्चची १८ आहे.

राइनकाठ
स्वतः लॉग इन करून बघत राहा, लोक रद्द करतात तसे उघडतात. माझ्या आई-बाबांचा पहाटे मिळाला होता. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, कधी ४५ पर्यंत जातो. त्यामुळे एप्रिलचा पहिला आठवडा गाठा.

सुदामानगरकर
(बारा दिवसांनी) मंडळी, कळवायचं राहिलं. पहाटे पावणेपाचला सौ.ला स्लॉट मिळाला, २ एप्रिलचा. मुंबईची अवंतिका एक्स्प्रेसची तिकिटं काढली, आईला खालचा बर्थ मिळाला. साडूंचे पैसे परत केले, ते जरा रुसलेत. मुलीने वसतिगृहात विचारलं, पाहुण्यांची खोली ११ रात्री मिळाली, शेवटच्या एका रात्रीचा फ्लॅट घेतला. 'बघू'चा अर्थ तुम्ही बरोबर लावलात, मुलगी फोनवर हसत होती.

आणि आई. तुपाची बरणी नेता येणार नाही कळल्यावर दोन दिवस कोणाशी बोलली नाही. परवापासून रोज रात्री तेच तूप बोटांना चोळून बसते.

वहिनी_वडोदरा
मी साधं क्रीम म्हणाले होते मनात! पण छान. उमटले का ते नक्की कळवा.

अटलांटावाली
अभिनंदन. फक्त मुलाखतीच्या दिवशी मोबाइल आत नेऊ देत नाहीत, बाहेर ठेवायची सोय आधी बघून ठेवा.

कावेरी_ठाणे
ताई, जर्मनी.