परदेशातली मेथडिस्ट कॉन्फरन्स : मंडळीच्या पैशाने साध्या सभासदाला पाठवावं का?

कॅम्पातला_मेथडिस्ट
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या पास्टोरेट कमिटीत विषय निघाला होता की पुढची वर्ल्ड मेथडिस्ट कॉन्फरन्स भरेल तेव्हा आपल्या मंडळीतून कुणी जावं का आणि पैसे कुठून आणायचे. चर्चा लगेच आटोपली कारण सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की जाणार ते बिशप साहेब, फार तर डीएस (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट), आपला काय संबंध. मला हे मुळातच पटत नाही. जायचं तर पाळकांच्या जोडीला एखादी शिक्षिका, एखादा कॉलेजातला मुलगा, वनिता समाजातली एखादी बाई गेली पाहिजे, आणि तिचा खर्च मंडळीने चारचौघांत हिशेब मांडून उचलला पाहिजे.

ज्यांना दोन कॉन्फरन्समधला फरक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्ल्ड मेथडिस्ट कॉन्फरन्स ही जगभरच्या मेथडिस्ट चर्चेसची, १८८१ ला लंडनमध्ये सुरू झाली, २०१६ ला ह्युस्टनला होती आणि मागची ऑगस्ट २०२४ मध्ये स्वीडनला गोथेनबर्गला झाली. तिथे नियम-कायदे होत नाहीत, भेटी, प्रार्थना, अभ्यास असं असतं आणि नाव नोंदवून सभासदही जाऊ शकतो. दुसरी ती अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चची जनरल कॉन्फरन्स, तिथे मतदान होऊन नियम ठरतात. आपण, म्हणजे भारतातलं मेथडिस्ट चर्च, १९८१ ला त्यांच्यापासून स्वायत्त झालो, नातं ठेवलं, त्यामुळे तिथे आपल्याला बोलता येतं पण मत नाही.

आता साधा सभासदच का म्हणतोय ते सांगतो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७४४ च्या जूनमध्ये लंडनला फाउंड्री या आपल्या सभागृहात पहिली कॉन्फरन्स घेतली तेव्हा दहा माणसं होती, त्यात चार जण दीक्षित पाळक नव्हते, साधे प्रचारक होते. विषय काय, तर काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि आपण वागायचं कसं. एकमेकांशी असं बसून बोलणं हे वेस्ली कृपेच्या साधनांत धरायचा, प्रार्थना आणि प्रभुभोजनाच्या पंक्तीत. मग कृपेचं साधन फक्त झगावाल्यांसाठी राखीव कसं काय?

शिरूरकर
भाऊ भावना समजली पण मी ठामपणे विरोधात आहे. तिकीट, राहणं, रजिस्ट्रेशन, व्हिसा, विमा सगळं धरलं तर एका माणसामागे दोन लाखांच्या खाली काही येत नाही. आमच्या खेड्यातल्या मंडळीत पाळकांचा पगार दोन-दोन महिने लांबतो, पावसाळ्यात वेदीच्या उजव्या बाजूला बादली ठेवून उपासना चालते, कबरस्तानाची भिंत पडलीय ती तशीच आहे. म्हाताऱ्या विधवा बाया पाकिटात पन्नास-शंभर घालतात तो दशांश आहे, म्हणजे कमाईतला देवाला दिलेला दहावा भाग, त्यातून कुणाला युरोप दाखवायचा मला हक्क वाटत नाही. आणि वेस्लीचंच काढताय तर त्याचं पैशाबद्दलचं प्रवचन पण काढा, जमेल तेवढं कमवा, जमेल तेवढं वाचवा आणि जमेल तेवढं द्या. द्या म्हणजे गरिबाला द्या.

दुसरं म्हणजे अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर. १८७१-७२ ला मुंबईत त्याने मंडळ्या उभ्या केल्या तेव्हा अमेरिकेतल्या मिशन बोर्डाकडून पैसा घ्यायचा नाही, इथल्या मंडळीने स्वतःच्या पायावर उभं राहायचं हा त्याचा आग्रह होता. त्याच्यासोबत काम केलेले जॉर्ज बोवेन तर त्याआधीपासूनच मिशनचा पगार सोडून मुंबईत अगदी गरिबीत राहायचे. कुलाब्याला त्यांच्या नावाचं चर्च आहे. आपली परंपरा ही आहे.

कॅम्पातला_मेथडिस्ट
@शिरूरकर टेलरचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे दादा. तो माणूस आयुष्यभर या देशातून त्या देशात फिरला म्हणून तर मुंबईला पोचला. स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे घरात बसणं असं त्याने कधी शिकवलं नाही. मी पण तेच म्हणतोय की बाहेरच्या बोर्डाने तिकीट काढून दिलं तर आपला माणूस तिथे पाहुणा म्हणून जातो आणि पाहुण्यासारखा गप्प बसतो, आपल्या पैशाने गेला तर बोलेल. बाकी भिंत आणि पगार आधी हे मान्यच, ज्या मंडळीला ते जमत नाही तिच्यावर हा भार टाकायचा माझा विचारच नाही, शहरातल्या मोठ्या मंडळ्यांनी मिळून करायचंय.

सिस्टर_नागपूर
मला यात एक वेगळीच गोष्ट खटकते ती म्हणजे परत आल्यावर काय होतं. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एक जण जाऊन आले, नाव-गाव घेत नाही. रविवारी उपासनेनंतर प्रोजेक्टर लावला, पडदा नव्हता म्हणून पाटावरची पांढरी चादर टांगली, आणि पाऊण तास फोटो. विमानतळ, हॉटेलचा नाश्ता, बर्फ, बिशपांसोबत, दुसऱ्या बिशपांसोबत. मागच्या बाकावरच्या एका आजींनी विचारलं की बाबा तिथे आपल्यासारख्या बायका काय काम करतात, मुलांना संडे स्कूलमध्ये काय शिकवतात, तर त्यांना उत्तर देता आलं नाही, म्हणाले कार्यक्रम फार गच्च होता. चहा झाला, चादर घडी करून ठेवली, विषय संपला. त्या आजींचा प्रश्न मला आजही आठवतो कारण पूर्ण सभेत कामाचा प्रश्न तेवढाच होता.

म्हणून माझं म्हणणं पाठवा, पण जाणाऱ्याने आधी मंडळीसमोर उभं राहून सांगायचं की मी कुठले प्रश्न घेऊन जातेय, आणि आल्यावर फोटो न दाखवता त्याचीच उत्तरं द्यायची. लेखी.

शिरूरकर
@सिस्टर_नागपूर ताई तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. लेखी रिपोर्ट वगैरे अटी ठरावात घालतात, पुढे कोण विचारतं?

सिस्टर_नागपूर
आम्ही विचारणार दादा. वनिता समाजाच्या बायका महिन्याच्या सभेत दोन रुपयांचा हिशेब सोडत नाहीत, दोन लाखांचा सोडतील का.

भायखळा_बाकावरून
मी पूर्ण विरोधात, पण कारण पैसा नाही. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये जे चाललंय त्यात आपण पडूच नये. २०१९ ला सेंट लुईसच्या खास अधिवेशनात समलैंगिक विवाह आणि पाळकदीक्षेवरची बंदी ४३८ विरुद्ध ३८४ ने अजून कडक केली, मग अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या चर्च सोडून गेल्या, २०२२ ला ग्लोबल मेथडिस्ट चर्च वेगळं निघालं, आणि २०२४ ला शार्लटच्या जनरल कॉन्फरन्समध्ये दीक्षेवरची तीच बंदी ६९२ विरुद्ध ५१ ने उठवली. पाच वर्षांत एक टोक ते दुसरं टोक. माझी स्वतःची श्रद्धा याबाबत पवित्र शास्त्राला धरून जुनीच आहे आणि ती बदलणार नाही. आपली साधी माणसं तिथे जाऊन गोंधळून परत येतील आणि इथे दोन तट पडतील. आपले कोर्टातले मालमत्तेचे वाद काय कमी आहेत का.

शार्लटजवळचा_सोलापूरकर
मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, मूळचा सोलापूरचा. शार्लटची कॉन्फरन्स २३ एप्रिल ते ३ मे २०२४ होती, प्रेक्षकांना बसता येतं म्हणून मी सुट्टी काढून जाऊन बसलो. @भायखळा_बाकावरून तुमच्या श्रद्धेबद्दल मी वाद घालत नाही, पण तिथे बसून जे दिसलं ते इथल्या बातम्यांत आलंच नाही म्हणून लिहितो.

एक तर डेलिगेटांत अर्धे पाळक आणि अर्धे साधे सभासद, हा त्यांचा नियमच आहे. बिशप अध्यक्षस्थानी बसतात, सभा चालवतात, पण त्यांना मत नाही आणि चर्चेत बाजू घेऊन बोलताही येत नाही. आपल्याकडे वाढलेल्या माणसाला हे बघताना काय वाटतं ते मी शब्दांत नाही सांगू शकत. एखादी बाई माइकवर उभी राहते, घड्याळ लावलेलं असतं, ती बिशपना उद्देशून मुद्दा मांडते आणि बिशप फक्त ऐकतात आणि पुढचं नाव पुकारतात. कानाला हेडफोन लावून फ्रेंच, पोर्तुगीज, स्वाहिलीत भाषांतर ऐकणारे कांगोचे, मोझांबिकचे लोक. डेलिगेटांत जवळजवळ एक तृतीयांश जागा आफ्रिकेच्या.

आणि दुसरा मोठा ठराव कुणी सांगितलाच नाही इथे, रिजनलायझेशन, ५८६ विरुद्ध १६४ ने पास झाला. म्हणजे प्रत्येक प्रदेशाने आपले बरेचसे नियम स्वतः ठरवायचे, अमेरिकेने सगळ्या जगासाठी ठरवायचे नाहीत. आता सांगा, हे आपण १९८१ पासून करतोय! चाळीसहून जास्त वर्षं स्वतःचे बिशप निवडतोय, स्वतःचं डिसिप्लिन म्हणजे नियमांचं पुस्तक आहे, त्यात काय जमलं आणि कुठे माती खाल्ली, कोर्टकचेऱ्या का वाढल्या, हे फिलिपिन्सच्या आणि आफ्रिकेच्या लोकांना सांगायला जगात आपल्याइतकं लायक फार कमी जण असतील. आणि तेव्हा आपला एकही माणूस मला माइकवर दिसला नाही. मला फार वाईट वाटलं.

भायखळा_बाकावरून
हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, मान्य. पण मग अभ्यासू माणूस पाठवा, डिसिप्लिन वाचलेला. साधा सभासद जाऊन काय सांगणार? आणि शार्लटचं सगळं कामकाज लाइव्ह दिसत होतं, घरी बसून फुकट बघता येतं की.

कॅम्पातला_मेथडिस्ट
लाइव्हवर बघता येतं, पण उठून प्रश्न विचारता येत नाही. स्वीडनचंच घ्या. तिथे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि मिशन कव्हेनंट अशी तीन चर्च २०११ ला एक झाली. आपल्याकडे १९७० ला उत्तर भारतातली वेगवेगळी चर्च मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, तेव्हा आपण ऐन वेळी बाहेर राहिलो. तिथल्या एखाद्या खेड्यातल्या जुन्या मेथडिस्टाला विचारायला नको का, की बाबा इमारती कुणाच्या झाल्या, पाळक कसे वाटले, तुमची गाणी टिकली का? हे प्रश्न कुठल्या स्टेजवर येत नाहीत, जेवणाच्या टेबलावर येतात.

आणि साधा सभासद काय सांगणार म्हणता तर लीलावती सिंगचं नाव ऐका. लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजची विद्यार्थिनी, मग तिथलीच शिक्षिका, पाळक नव्हती, बिशप नव्हती. १९०० ला न्यूयॉर्कच्या मोठ्या मिशनरी परिषदेत बोलली, ऐकणाऱ्यांत अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन होते आणि ते थक्क झाले. सव्वाशे वर्षांपूर्वी एक हिंदुस्थानी बाई हे करू शकली, बोटीने जाऊन.

व्हिसा_वाला_पिंपरी
मतभेद चालू द्या पण प्रॅक्टिकल पण बघा. शार्लटची ही जनरल कॉन्फरन्स मुळात २०२० ची होती, करोनामुळे लांबली आणि नंतर २०२२ ला पुन्हा पुढे ढकलली त्याचं मोठं कारण म्हणजे बाहेरच्या डेलिगेटांना व्हिसाच मिळेनात. २०२४ ला सुद्धा आफ्रिकेतले बरेच जण पोचू शकले नाहीत, काहींना निमंत्रणपत्रं उशिरा मिळाली.

स्वीडनसारखा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच) व्हिसा असेल तर तीस हजार युरोचा प्रवास विमा, बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर, नोकरीवरून सुट्टीचं पत्र आणि कॉन्फरन्सचं निमंत्रण लागतं. तरुण, अविवाहित, नवीन नोकरी असा अर्ज असला की परत येणार नाही असा संशय घेतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलाकडे मंडळीच्या लेटरहेडवर एवढंच लिहून दिलेलं की हा आमचा चांगला सभासद आहे, रिजेक्ट. खर्च मंडळी करणार असेल तर तसं स्पष्ट लिहा, ठरावाची प्रत आणि मंडळीच्या खात्याचं स्टेटमेंट जोडा. आणि फी गेली की गेली, ती परत मिळत नाही, तेव्हा रिजेक्ट झाला तर तो पैसा कुणाचा हे आधी ठरवा, नंतर त्यावरून भांडणं होतात.

शिरूरकर
सोलापूरकरांचं वाचून मला बरं वाटलं, आपल्याकडे पण बिशपांनी ऐकायची वेळ यावी. पण माझं मत तेच आहे. दशांशातून नाही. ज्याला पाठवायचंय त्याच्यासाठी वेगळी वर्गणी करा, ज्याला द्यायचंय तो देईल, आणि पाकिटावर तसं छापा. आमच्या मंडळीतून त्यात एक रुपया येणार नाही तोवर, जोवर पाळकांचा पगार वेळेवर होत नाही.

सिस्टर_नागपूर
वेगळ्या पाकिटाला माझा पाठिंबा. आणि पहिलं नाव बाईचं असावं एवढी माझी अट.

कॅम्पातला_मेथडिस्ट
वेगळं पाकीट चालेल. मिनियापोलिसची जनरल कॉन्फरन्स २०२८ ला आहे, तिथे आपल्याला मत नसलं तरी सोलापूरकर म्हणतात तसं प्रेक्षकांत बसता येतं. पुढच्या कमिटीत मी ठराव लेखी मांडतोय, त्यात प्रश्न आधी जाहीर करायची अट, लेखी उत्तरं आणि व्हिसा फीचा मुद्दा तिन्ही घालतो. @भायखळा_बाकावरून तुम्ही विरोधात आहात हे माहीत आहे, तरी डिसिप्लिन तुम्ही आमच्यापेक्षा जास्त वाचलंय, मसुदा बघाल का?

भायखळा_बाकावरून
पाठवा. विरोध लिहूनच परत पाठवेन, पण वाचेन नीट.