सहा फूट तीन इंचाच्या आतला गार्ड म्हणजे डिफेन्समधलं भोक? अजिबात मान्य नाही

डावखुरा
काल एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या, निक्सच्या ब्रन्सन या गार्डच्या निमित्ताने झोन_नको यांनी लिहिलं: "सहा-तीनच्या आतला गार्ड म्हणजे डिफेन्समधलं भोक. त्याच्या जिवावर कोणी चॅम्पियन होत नाही." वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पिस्टन्सचा आयझाया थॉमस सहा-एक होता. १९८९ आणि १९९०, लागोपाठ दोन वर्षं जिंकला, आणि ती टीम डिफेन्ससाठीच बदनाम होती. वॉरियर्सचा करी सहा-दोन, चार विजेतेपदं. क्रिस पॉल जेमतेम सहा फूट, तरी नऊ वेळा ऑल-डिफेन्सिव्ह टीममध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम डिफेंडरांच्या यादीत. २०१९ च्या फायनलमध्ये रॅप्टर्सनी बॉक्स-अँड-वन (चौघे आपापला भाग राखतात, पाचवा फक्त एकाच्या मागे) लावला तेव्हा करीच्या अंगावर कोणाला सोडलं? व्हॅनव्हलीटला, जो लोकांना शाळकरी पोरासारखा दिसतो.

उंच माणसाने बॉल जमिनीवर टाकला की तो परत हातात येईपर्यंत उघडा असतो. बुटक्याचा हात तिथेच असतो, खाली. समोरच्याने वाट अडवून स्क्रीन लावली तर तिच्या फटीतून तोच निसटतो. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, पाठ लावून ढकललं तर रॅप्टर्सच्या काइल लॉरीसारखा माणूस जमिनीत रुतून उभा राहतो आणि चार्ज घेतो, म्हणजे धडक सोसून फाउल मिळवतो. डिफेन्स पायांत आणि कमरेत असतो. इंच मोजून तो कळत नाही.

झोन_नको
ज्या बॉक्स-अँड-वनचं कौतुक केलंत तो दुसरा सामना रॅप्टर्स हरले होते, हे सोयीस्कर विसरलात. पुढे वॉरियर्सचा ड्युरांट एका सामन्यात थोडाच वेळ खेळला, त्यांचा क्ले जखमी झाला, तेव्हा कुठे रॅप्टर्स सहा सामन्यांत जिंकले.

आणि करीचं नाव काढलंच आहे तर २०१६ ची फायनल आठवा. कॅव्हलियर्स काय करत होते? करी ज्याला मार्क करतोय त्यालाच स्क्रीनला बोलवायचं, स्विच, म्हणजे माणसांची अदलाबदल, करायला लावायचं आणि मग त्याच्यावर चढायचं. सातव्या सामन्यात ५३ सेकंद उरले असताना त्यांच्या कायरीने तो तीन गुणांचा शॉट कोणाच्या डोक्यावरून मारला? २०१७ च्या प्लेऑफमध्ये सेल्टिक्सने कॅव्हलियर्सविरुद्ध एकच सामना जिंकला आणि त्यात त्यांचा पाच-नऊचा आयझाया थॉमस (पिस्टन्सवाला नव्हे, दुसरा) नव्हता. २०२५ मध्ये पेसर्सनी ब्रन्सन आणि सेंटर टाउन्सला पिक अँड रोलमध्ये (स्क्रीन देऊन रिंगकडे धावायच्या खेळीत) खेचून खेचून निक्सना ४-२ ने घरी पाठवलं. बुटक्याला लपवावं लागतं आणि ती किंमत बाकीचे चार जण मोजतात.

पहाटे_साडेपाच
त्या दुसऱ्या सामन्यात शेवटी वॉरियर्सना पाच मिनिटांहून जास्त वेळ एकही गुण करता आला नव्हता, तेही सांगा की. मी ऑफिसला उशिरा गेलो होतो त्या दिवशी.

आणि सेल्टिक्सच्या थॉमसबद्दल एवढ्या सहज बोलू नका. नुकत्याच गेलेल्या बहिणीच्या वाढदिवशी त्याने विझार्ड्सना ५३ टाकले होते. कंबर गेलेली असताना तो खेळत होता. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, साठाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर निवडलेला पोरगा आहे तो.

झोन_नको
त्याच्या जिद्दीबद्दल मी एक शब्द बोललेलो नाही. प्रश्न डिफेन्सचा आहे.

नागपूरकर_११
आयव्हरसनला सगळे विसरले. सलग तीन सीझन लीगमध्ये सर्वाधिक स्टील्स, म्हणजे हिसकावलेले बॉल. सहा फूट.

शिट्टी
आणि ऑल-डिफेन्सिव्ह टीममध्ये एकदाही नाही. कारण तो आपला माणूस सोडून पासच्या वाटेत जुगार खेळायचा आणि समोरच्या तगड्या गार्डला त्याचा साथीदार एरिक स्नो अंगावर घ्यायचा. स्टील म्हणजे डिफेन्स नव्हे.

मी जिल्ह्याच्या निवड समितीवर अनेक वर्षं बसलोय. दोन पोरं सारखीच खेळत असतील तर उंच पोरगा घ्यावा. खेळ शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही.

नागपूरकर_११
सर, हे वाक्य मी सोळाव्या वर्षी ऐकलंय. भिंतीवर टेप चिकटवली होती. बॉल हातात द्यायच्या आधी तिथे उभं केलं. पाच-पाच भरलो आणि बाजूला काढला. आत घेतलेल्या पोराला डाव्या हाताने लेअप येत नव्हता. मी तीन वर्षं रोज सकाळी सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडत होतो. तुम्ही किती पोरं अशी काढलीत, मोजलंत कधी?

शिट्टी
बारा जागा असतात हो, पन्नासावर पोरं येतात. पंजाबचे सेंटर समोर उभे राहिले की आमची पोरं रिबाउंडला हातही लावू शकत नाहीत. तुम्हाला एक नकार आठवतो, आम्हाला प्रत्येक हार आठवते. मैदानाबाहेर बसून बोलणं सोपं आहे.

आईची_पिशवी
मैदानाबाहेर मीच बसते सर, रोज दोन तास, मुलीची पिशवी धरून. ती चौदा वर्षांची आहे. मागच्या ट्रायलला तिला फक्त मोजलं, पाच मिनिटंही खेळवलं नाही. घरी येऊन तिने विचारलं, "आई, तुझ्यामुळे का गं?" मी पाच फूट आहे. मगसी बोग्स पाच-तीन असून एनबीएत चौदा सीझन खेळला, हे तिला मी सांगते. पण तिला आधी कोर्टवर तरी उतरू द्याल का?

झोन_नको
बोग्ससारखा एखादाच, ताई. त्याच्यावरून नियम होत नाही.

डावखुरा
एका आईला हे उत्तर द्यायचं? तुमचं म्हणणं आकड्यांत बरोबर असेलही, पण चौदाव्या वर्षी कोणाची उंची थांबलेली असते का? ट्रायलला मोजून पोरं काढणं आणि फायनलमध्ये स्विच शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर त्या एकच करून टाकताहेत.

शिट्टी
ताई, न खेळवता काढलं असेल तर ते चूकच. माझ्या हातात असेल तिथे गार्डच्या जागेसाठी आधी एकास एक खेळवीन, मग टेप लावीन. सेंटरसाठी मात्र टेपच आधी. त्यावर वाद घालू नका.

नागपूरकर_११
सतरा वर्षं उशीर झाला सर. पण लिहिलंत, बरं केलंत.

झोन_नको
ब्रन्सनवर परत येतो. टाउन्सच्या जागी रिंगजवळ उभा राहणारा खमका सेंटर असता तर पेसर्सना तेवढं फावलं नसतं, हे मान्य. क्रिस पॉलही मान्य. करीचं अजिबात नाही.

डावखुरा
करीचं नंतर बघू. ताई, मुलगी पुण्यात असेल तर रविवारी आमच्या कोर्टवर पाठवा, सकाळी सहाला.