डोरेमॉनमधली जायको (जियानची बहीण) नेमकी कशी आहे? मुलीला काय सांगू?

टिळकवाडीची_आई:
नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी चौथीत आहे, घरात मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्लिश, आणि हिंदी सगळी डोरेमॉन (नोबिता नावाचा मुलगा आणि भविष्यातून आलेलं त्याचं यंत्रमांजर डोरेमॉन, यांचं जपानी कार्टून) बघून बघूनच आली, शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकलं की टीव्ही. चित्रं काढायचा भयंकर नाद आहे तिला, जुन्या डायऱ्या, लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजू, हाताला लागेल त्यावर चौकोन आखून गोष्टी काढत बसते. मध्यंतरी खानापूरला एका बारशाला गेलो होतो, तिथं नात्यातल्या एका बाईंनी सगळ्यांसमोर "ही अगदी जियानची बहीण दिसते ओ" म्हटलं आणि सगळे हसले. अंगानं जरा भरलेली आहे पोर, बाकी काही नाही. तेव्हापासून वही उघडली नाही तिनं. रात्री मला विचारते, "आई, जायको वाईट आहे का गं? नोबिताचं तिच्याशी लग्न होऊ नये म्हणूनच डोरेमॉन येतो ना?" मी स्वयंपाक करता करता कानावर पडेल तेवढंच बघितलेलं, उत्तर देता येईना. कुणीतरी व्यवस्थित सांगा, खोटंनाटं सांगून तिची समजूत काढायची नाहीय मला.

निपाणीवाला:
ताई, पोरगी म्हणते ते खरं आहे, लपवू नका. गोष्ट सुरू होते ती तिथूनच. डोरेमॉन आधी कॉमिक्स म्हणून आला, जपानमधल्या मुलांच्या मासिकांत, जानेवारी 1970 च्या अंकांत. त्या पहिल्याच गोष्टीत नोबिताच्या टेबलाच्या ड्रॉवरमधून डोरेमॉन आणि नोबिताचा पुढच्या पिढ्यांतला वंशज सेवाशी बाहेर येतात आणि भविष्यातला अल्बम दाखवतात, जायकोशी लग्न, घरभर पोरं, पुढं कंपनी बुडाली, आणि कर्ज इतकं की सेवाशीच्या काळापर्यंत फिटलं नाही. म्हणजे तिथं जायको ही नोबिताच्या फुटक्या नशिबाची एक खूण, तेवढंच तिचं काम, ती पोरगी स्वतः कशी आहे हे कुणी विचारतच नाही. मला ती सुरुवात अजिबात आवडत नाही. नोबिता विचारतो की लग्न बदललं तर तू जन्माला कसा येणार, तर सेवाशी म्हणतो टोकियोहून ओसाकाला रेल्वेनं जा नाहीतर विमानानं जा, पोचायचं ओसाकालाच. आणि झालं, जायको बाजूला, नोबिताला आवडणारी शिझुका आत. पण तिची गोष्ट तिथं संपत नाही, पुढचं शहापूरच्या मॅडम सांगतील, त्यांना पाठ आहे सगळं.

शहापूर_चित्रकला:
सांगते की. आक्का, तुमच्या मुलीला आधी हे सांगा की जायको चित्रकार आहे, आणि नावापुरती नव्हे. कॉमिक्स काढते, मासिकांकडे पाठवते, 'क्रिस्टीन गोदा' हे तिचं टोपणनाव. डोक्यावर ती गोल टोपी असते ना, तसलीच टोपी डोरेमॉनचे कर्ते फुजिको एफ. फुजिओ स्वतः घालायचे. ज्या मुलीला त्यांनी पहिल्या गोष्टीत नुसतं हसण्यावारी नेलं, तिलाच पुढं स्वतःचा धंदा आणि स्वतःची टोपी दिली, माझ्या लेखी ही साधी गोष्ट नाही.

एक गोष्ट तर तिला नक्की सांगा. जायको लपून लपून नोबिताकडं बघत असते, जियानला वाटतं बहिणीचं मन बसलं याच्यावर, मग तो नोबिताच्या मागं लागतो. शेवटी कळतं काय तर तिला विनोदी कॉमिक्ससाठी एक पात्र पाहिजे असतं आणि नोबिताचा चेहरा, त्याची चाल, ती नीट न्याहाळत असते. लग्नाबिग्नाचं तिच्या डोक्यातसुद्धा नाही! ज्या पोराला ती नको होती त्याच्याकडं ती फक्त मॉडेल म्हणून बघते. आम्ही विद्यार्थ्यांना हेच शिकवतो, आधी बघा, मग काढा. पुढं तिला तिच्यासारखाच कॉमिक्स काढणारा मुलगा भेटतो, दोघं मिळून काम करतात. आणि जियान, सगळ्या गल्लीला बडवणारा तो दांडगा, बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं की पार हवालदिल होतो.

अजून एक. जायको हे तिचं खरं नाव नव्हे, जियानची बहीण म्हणून पडलेलं नाव आहे, खरं नाव कुठंच येत नाही. असं म्हणतात की त्या नावाच्या खऱ्या मुलींना शाळेत कुणी चिडवू नये म्हणून ते दिलंच नाही. त्या बारशातल्या बाईंना एवढं कळलं असतं तर किती बरं झालं असतं.

आणि बेळगावात चित्रांचं वेड काय नवीन आहे का? के. बी. कुलकर्णी सर इथलेच, त्यांच्या हाताखाली शिकलेले रवी परांजपे इथलेच. वही बंद ठेवू देऊ नका तिला.

कॅम्पातला_दादा:
मॅडमचं सगळं पटलं पण टीव्हीवर जायको कितीशी दिसते हो? मधेच कधीतरी एक भाग, त्यातपण जियानचा आरडाओरडाच जास्त, मग लहान पोरांच्या लक्षात फक्त तिचं दिसणंच राहतं. माझ्या बहिणीलापण शाळेत याच नावानं हाक मारायचे, तिनं ती मालिकाच बघायची सोडली. त्यामुळं नुसती मुलीची समजूत काढून भागणार नाही, त्या बाईंनापण कुणीतरी स्पष्ट बोललं पाहिजे, घरातल्या मोठ्या माणसानं.

टिळकवाडीची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या फोन मी करते, तू मधे पडू नको. आणि पोरीला अल्बमची गोष्टपण सांगितली, नोबिताच्या मॉडेलचीपण. गप्प बसून ऐकलं सगळं, मग विचारते, जायको पेन्सिलनं काढते का पेननं? आता याचं काय सांगू?

शहापूर_चित्रकला:
दोन्ही! जपानी कॉमिक्सवाले आधी कच्च्या कागदावर कुठल्या चौकोनात कोण काय बोलणार ते ठरवतात, मग चांगल्या कागदावर पेन्सिल, मग त्यावर काळी शाई आणि शेवटी पेन्सिल खोडायची. बोरू-टाकाच्या भानगडीत आत्ता पडू नका, काळं जेल पेन आणि कार्ट्रिज कागद पुरे, गणपत गल्लीत कुठल्याही स्टेशनरीत मिळेल. फक्त हे पावसाचे दिवस आहेत, शाई लवकर वाळत नाही, खोडरबर फिरवायच्या आधी कागद पंख्याखाली चांगला अर्धा तास ठेवायला सांगा, नाहीतर सगळं काळं फासतं. आणि बोलायचे फुगे आधी काढायला सांगा, मुलं चित्र आधी काढतात आणि मग अक्षरांना जागाच उरत नाही.