घरासाठी हातानं केलेल्या वस्तू : व्हिडिओत न सांगितलेली मापं आणि गोच्या

क्रोशाचं तोरण, ताटावरचे रुमाल, गोधडी, जुन्या टी-शर्टचं पायपुसणं, कुंडीचं शिंकं. यांचे व्हिडिओ हवे तितके मिळतात आणि प्रत्येकात वस्तू पहिल्याच फटक्यात जमते. तोरण मध्येच का झोळतं, रुमालाची वाटी का होते, दोरा किती आणायचा, हे मात्र करून बघणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून हा अनुभव धागा, म्हणजे ज्यानं त्यानं आपला अनुभव लिहायची चर्चा. कौतुकाचे फोटो नंतर टाका. आधी मापं, सुईचा नंबर, दोऱ्याचा प्रकार, आणि काय बिघडतं व कशामुळे, तेवढं लिहा.

शब्दांचा घोळ नको म्हणून क्रोशाच्या टाक्यांना साखळी (पायाचे फास), मुका खांब (बुटका टाका), अर्धा खांब (मधला), खांब (उंच) हेच शब्द वापरूया. इंग्रजी नमुन्यांत एक सापळा असतो. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकन लोक सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश लोक त्यालाच डबल म्हणतात. आपला खांब अमेरिकेत डबल, ब्रिटनमध्ये ट्रेबल. नमुन्यात कुठेही 'सिंगल' दिसलं तर तो अमेरिकन समजा, कारण आजच्या ब्रिटिश यादीत सिंगल नावाचा टाकाच नाही. हे न बघता विणायला घेतलं की वस्तू दुप्पट उंच तरी होते, नाहीतर निम्मी.

* * *

तोरणापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त तोरणंच फसतात.

चौकटीचं आतलं माप घ्या. समजा ९० सेंमी. आता ज्या दोऱ्यानं आणि ज्या सुईनं तोरण करायचंय त्यानेच १२ सेंमीचा चौकोनी नमुना विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंमीत किती खांब येतात ते मोजा. कडेचे टाके मोजायचे नाहीत, ते कायम वेडेवाकडे असतात. निटिंग कॉटन आणि २ मिमीची सुई घेतली आणि १० सेंमीत ३० खांब आले, तर ९० सेंमीला २७० खांब. पण २७० घालायचे नाहीत. खालची प्रत्येक कमान (खाली निमुळता होत जाणारा त्रिकोण) २४ खांबांची धरली तर ११ कमानींना २६४, अधिक कडेचा १, असे २६५. तोरण ८८ सेंमीच्या आसपास येतं, आणि उरलेलं अंतर दोरा आपसूक ताणला जाऊन भरून काढतो. ११ हा आकडा मुद्दाम विषम ठेवलाय, म्हणजे एक टोक बरोबर दाराच्या मध्यावर येतं. साखळ्या २६७ घाला आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घ्या. सुटलेल्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब.

पायाची साखळी नेहमी घट्ट येते आणि वरच्या ओळी मोकळ्या. मग तोरणाचा धनुष्यासारखा बाक होतो, आणि तो इस्त्रीनं जात नाही. साखळीपुरती अर्ध्या मिमीनं मोठी सुई घ्या, म्हणजे इथे २.५.

टांगल्यावर साखळीची बाजूच वर येते, म्हणून पहिली ओळ जाळीची ठेवा : एक खांब, एक साखळी, एक टाका सोडून पुढचा खांब. या जाळीतून ५-६ मिमीची लाकडी काडी ओवता येते. काडी नसली तर सुती तोरण पंधरा दिवसांत मध्ये झोळतं, दोन खिळ्यांवर तर हमखास.

काडीच्या ओळीनंतर ५-६ ओळींची सरळ पट्टी. मग कमानी. पहिली ओळ २४ खांबांची, पुढे प्रत्येक ओळीत दोन्ही कडांना एकेक खांब कमी, १२ व्या ओळीला २ उरतात. खोली साधारण ९ सेंमी. टोकाला दोरा तोडू नका. पुढच्या कमानीच्या बाजूच्या कडेनं, सुई घालून दोरा थेट फासातून ओढत, सैल हातानं पट्टीपर्यंत परत या. प्रत्येक कमानीला दोरा तोडला तर २२ शेपट्या लपवत बसावं लागतं, आणि त्यातली एक तरी दिवाळीच्या आदल्या दिवशी बाहेर डोकावतेच.

* * *

गोल रुमाल किंवा आसन सपाट राहत नाही, या तक्रारीचं उत्तर हातात नाही, हिशेबात आहे.

मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असते. एक फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्यानं वाढते, आणि परीघ वाढतो २ गुणिले ३.१४, म्हणजे सव्वासहा टाक्यांनी. म्हणून मुक्या खांबात ६ नी सुरुवात आणि प्रत्येक फेरीत ६ ची वाढ (वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके) : ६, १२, १८, २४. खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून १२, २४, ३६, ४८. अर्धा खांब मधला, ८ पासून सुरू करा. कडा वर उचलून वाटी व्हायला लागली तर वाढ कमी पडतेय, कडेला झालर यायला लागली तर जास्त होतेय. हात घट्ट असलेल्यांचा टाका बुटका येतो. त्यांना एखादी फेरी वाढ न करताही चालते. विणत असतानाच दर तीन फेऱ्यांनी फरशीवर ठेवून बघा. आठव्या फेरीला कळलं तर पाच फेऱ्या उसवाव्या लागतात.

वाढ दर वेळी त्याच जागी घेतली की गोलाचा षटकोन होतो. एका फेरीत वाढ सुरुवातीला, पुढच्या फेरीत मधोमध, अशी सरकवत न्या.

लंबगोल हवा असेल तर पायाची साखळी म्हणजे लांबी वजा रुंदी. ६० बाय ४० चं आसन करायचं तर साखळी २० सेंमीची. बाकी सगळी वाढ दोन टोकांना.

* * *

> दोरा किती आणायचा हे आधी कसं कळणार? दुकानात नंतर तीच छटा मिळत नाही.

वजनावर. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो, म्हणून एकच फूल किंवा चौकोन मोजण्यात अर्थ नाही. पाच विणून एकत्र मोजा, भागाकार करा, एकूण संख्येनं गुणा आणि वर दहा टक्के धरा. पाच चौकोन ४२ ग्रॅम भरले आणि उशीच्या अभ्र्याला दोन्ही बाजू मिळून ३२ चौकोन हवेत, तर २६९ ग्रॅम, वर दहा टक्के, म्हणजे ३०० ग्रॅम आणा. छटेसाठी लेबलावरचा लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा नंबर) बघा. रंगाचा नंबर तोच असला तरी लॉट बदलला की पांढऱ्यातसुद्धा फरक दिसतो, ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीपाशी.

त्या चौकोनांबद्दलही एक. एकाच बाजूनं फेऱ्या घेत राहिलात तर चौकोन हळूहळू पिळतो, कोपरे तिरके जातात. प्रत्येक फेरी संपली की काम उलटवून पुढची फेरी घ्या.

* * *

गरम भांड्याखालचं आसन आणि कढई धरायचे रुमाल : फक्त सुती दोरा. अॅक्रिलिक लोकर गरम कढईखाली वितळते आणि भांड्याला चिकटते. बाजारात 'बेबी वूल' म्हणून मिळणारी बरीचशी लोकर अॅक्रिलिकच असते. खात्री नसेल तर दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळा. सुताची मऊ राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो, अॅक्रिलिकचा कडक काळा मणी होतो. शिवाय जाळीचा नमुना इथे नको, भोकांतून हात भाजतो. मुके खांब दाट घाला आणि दोन थर एकमेकांना जोडा. ओला रुमाल गरम भांड्याला लावू नये, पाण्यातून उष्णता झटकन हातापर्यंत येते.

* * *

टी-शर्टचं पायपुसणं.

शंभर टक्के सुती, आणि शक्यतो बाजूला शिवण नसलेले टी-शर्ट घ्या. शिवण आली की पट्टी तिथे गोल वळत नाही आणि ओढताना तुटते. काखेखाली आडवं कापा, खालची दुमड काढून टाका. मग एका बाजूनं घडी अशी घाला की समोरची कड ४-५ सेंमी बाहेर राहील. अडीच सेंमीच्या पट्ट्या घडीकडून कापत या, पण ती बाहेरची कड कापू नका. आता तो न कापलेला भाग उघडून एका चिरेपासून पुढच्या चिरेपर्यंत तिरकं कापत जा. सगळी एकच अखंड पट्टी होते. सरळ कापलंत तर नुसत्या बांगड्या हातात येतात.

४० सेंमी उंच आणि १०० सेंमी घेराच्या टी-शर्टमधून १६ मीटर निघते. पट्टी हातभर हातभर धरून ओढा, कडा आत वळून गोल दोरी होते. न ओढता विणलं तर पायपुसणं पहिल्या धुण्यात लांबतं.

सुई ९ किंवा १० मिमीची. मुके खांब, लंबगोल, हिशेब वर दिलाय तोच. वेगवेगळ्या टी-शर्टची जाडी वेगळी असते. जाड पट्टी बाहेरच्या फेऱ्यांना ठेवा, मध्ये घातली तर तिथे फुगवटा येतो. खूप मोठं करू नका. ६० बाय ४० च्या वर गेलं की ओलं झाल्यावर उचलवत नाही आणि जुलैत वाळत नाही. गुळगुळीत फरशीवर खाली रबरी जाळी हवीच.

* * *

गोधडी. साडेपाच मीटरची जुनी सुती साडी तीन घड्यांत अंथरली की सुमारे १८० बाय ११५ सेंमीचे तीन थर होतात. एकट्याच्या पांघरुणाला एवढं माप पुरतं. थंडीसाठी आत आणखी एक साडी. त्याहून जास्त थर घेतले तर सुई जात नाही आणि बोटं सोलवटतात.

आत नायलॉन किंवा जॉर्जेट घालू नका. ते सुतावरून सरकतं आणि दोन धुण्यांत एका कोपऱ्यात गोळा होतं. वरचं कापड नवं असेल तर आधी धुऊन आटवून घ्या. आतली साडी शंभर वेळा धुतलेली असते, ती आटत नाही. नवं कापड आटतं आणि सगळी गोधडी आक्रसते.

सतरंजीवर थर पसरून चारी बाजूंनी वजनं ठेवा, हातानं मधून बाहेर सुरकुत्या काढा आणि एकेक वितीवर कच्चे टाके घाला. हे टाळायचं नाही. मग जाड सुती दोरा, हातभरच. लांब दोरा प्रत्येक टाक्याला घासून पिसतो आणि गुंततो. कडा आत दुमडून काठापासून धावदोरा सुरू करा आणि दोन बोटांच्या अंतरानं आत आत येत जा.

* * *

वरच्या गोधडीत एक दुरुस्ती सुचवतो. काठापासून आत येणं ही आपली जुनी पद्धत खरी, पण नवशिक्याच्या हातून सगळं सैल कापड मध्ये ढकललं जातं आणि शेवटी तिथे फुगा येतो. पहिली गोधडी असेल तर मधल्या रेघेपासून बाहेर जा, सैलपणा काठातून निघून जातो.

* * *

कच्चे टाके वितीवर असतील तर फुगा येत नाही. येत असेल तर ते कमी पडलेत, दिशा चुकलेली नाही. बाळाच्या दुपट्याला मात्र कुठूनही सुरुवात करा, दोन थरांत फरक पडत नाही. त्याला गाठी वरच्या बाजूला नकोत, दोन थरांच्या मध्ये लपवा.

* * *

मॅक्रमेचा (दोराला गाठी मारून केलेला) प्लांट हँगर म्हणतात ते आपलं दही-लोण्याचं शिंकंच, फक्त बाल्कनीत गेलेलं. दोर कमी पडणं हीच इथली खरी अडचण.

चौकोनी गाठीत मधले दोन दोर नुसते उभे असतात, बाजूचे दोन गाठी मारतात. गाठीच्या भागाला बाजूच्या दोरांची लांबी चार ते पाचपट लागते. एक मीटरचं शिंकं, त्यात ३० सेंमी गाठी, असं धरलं तर ३ मीटरचे ४ आणि साडेपाच मीटरचे ४ दोर कापा. सगळे मधोमध कडीत दुमडले की १६ पदर होतात, चार-चारांच्या चार लडी. प्रत्येक लडीत आखूड दोन मध्ये, लांब दोन बाजूंना. एकाच बाजूची अर्धी गाठ घालत राहिलात तर लडी पिळदार होते. ती चूक नव्हे, पण चारही लडी तशाच करा.

८ इंची कुंडीसाठी गाठी संपल्यावर १० सेंमी सोडा, शेजारच्या दोन लडींचे दोन-दोन पदर एकत्र बांधा, परत १० सेंमी सोडून सगळे एकत्र आवळा. चार गाठी एका पातळीत नसल्या तर कुंडी कलते. माती ओली झाली की ती कुंडी ५-६ किलोची होते, म्हणून भिंतीतल्या खिळ्यावर विसंबू नका, छताला हूक घ्या. सुतळी दिसायला छान, पण पावसाच्या माऱ्यात कुजते. तीही खालच्या गाठीपाशी, जिथे पाणी साचतं आणि लक्ष जात नाही. उघड्या बाल्कनीत नायलॉनचा दोर बरा.

* * *

रुमाल आणि तोरणाच्या खळीबद्दल कुणी लिहिलं नाही. दोन चमचे कॉर्नफ्लोअर एक वाटी गार पाण्यात कालवून, उकळत्या दोन वाट्या पाण्यात ओता, पारदर्शक होईपर्यंत ढवळा, गाळा. गुठळी राहिली की सुकल्यावर पांढरा डाग दिसतो. वस्तू आधी साध्या पाण्यात भिजवून पिळा, मग खळीत बुडवा. कोरडीच बुडवली तर खळ कुठे जास्त, कुठे कमी बसते. थर्माकोलवर न गंजणाऱ्या टाचण्यांनी टोकं ताणून लावा. साध्या टाचण्यांचा गंज सुतातून निघत नाही. लाल-पांढरं एकत्र असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर लाल दोरा घासून बघा. रंग सुटला तर मिठाच्या पाण्यानं पक्का होईल या भरवशावर राहू नका, दोराच बदला.

रुखवतातल्या टोपल्यांसाठी पांढरा गोंद आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन वाटीवर चढवतात. उभ्या छान राहतात, पण कोकणातल्या पावसाळी हवेत मऊ पडतात आणि धुता तर येतच नाहीत. साखरेच्या पाकाच्या नादी लागू नका, मुंग्या लागतात. आणि खळ घातलेली वस्तू पेटीत ठेवू नका. कसर त्या खळीसाठीच येते आणि जाता जाता दोराही खाते. सणानंतर कोमट पाण्यात खळ काढून, कडकडीत वाळवून, जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.